योग्य उमेदवार आढळला नाही

गेल्या आठवड्यात आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर कुणीतरी एका विद्यापीठाची जाहिरात टाकली. सहायक प्राध्यापक, बायोकेमिस्ट्री, १ पद, अनुसूचित जाती. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, विषय संपला. मी मात्र बराच वेळ ती जाहिरात बघत बसले. हे पद माझ्या ओळखीचं आहे. २०१९ साली ते रिकामं ठेवणाऱ्या कागदावर माझी सही आहे.

विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही, कृपया खाली अंदाज बांधत बसू नका. नाव कळून काही फरक पडत नाही, कारण तुमच्या जवळच्या कुठल्याही विद्यापीठात साधारण हेच घडत असतं.

मी तिथे विषयतज्ज्ञ म्हणून गेले होते. निवड समितीत कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींचे प्रतिनिधी, अधिष्ठाता, विभागप्रमुख, बाहेरचे तीन तज्ज्ञ. उमेदवार मागासवर्गीय असतील आणि समितीत त्या वर्गाचं कुणी नसेल तर एक प्रतिनिधी घ्यावा लागतो, तेही होते. कागदावर सगळं चोख. अकरा जणांना बोलावलं होतं, सात आले. सकाळचा पाऊण तास एकाच वादात गेला. एका मुलीची एमएस्सी मायक्रोबायोलॉजीची होती, आणि तो ‘संबंधित विषय’ धरायचा की नाही यावर एकमत होईना. पेशीतली प्रथिनं, एन्झाइम, डीएनए यांचा अभ्यास करणाऱ्या शाखांच्या सीमा आता इतक्या पुसट झाल्यात की हा वाद २०१९ मध्ये घालणं हेच हास्यास्पद होतं. पण घातला. मग उशीर झाला म्हणून उरलेल्यांना प्रत्येकी बारा मिनिटं.

चौथा आला तो ३६ वर्षांचा. आठ वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. जे बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगते, तासिका म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, उन्हाळ्यात शून्य. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा ऑर्डर. आणि पैसे दर महिन्याला येतील असं समजू नका.

त्याची पीएचडी तुरीतल्या ट्रिप्सिन इनहिबिटरवर होती. डाळीच्या दाण्यात अशी काही प्रथिनं असतात की ती खाणाऱ्या किडीचं पचनच बिघडवतात. घाटेअळीला तोंड द्यायला रानटी तुरीतली अशी प्रथिनं उपयोगी पडतील का, यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही बरंच काम झालंय. आपल्या तूर पिकवणाऱ्या भागातल्या मुलाने हा विषय घ्यावा यात नवल नाही. प्रथिनं शुद्ध करताना ती थंडीत ठेवावी लागतात, नाहीतर खराब होतात. चांगल्या प्रयोगशाळेत त्यासाठी अख्खी थंड खोली असते. याच्या विभागात ती नव्हती. मग याने काय केलं, तर विभागातल्या जुन्या घरगुती फ्रीजच्या बाजूला ड्रिलने भोक पाडलं, त्यातून नळी काढली आणि काचेचा कॉलम फ्रीजच्या आत उभा केला. हे त्याने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. अडखळला. ‘भोक’ला शब्द सुचेना तेव्हा हाताने दाखवलं. टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं.

मग एका तज्ज्ञांनी विचारलं, समजा तुम्हाला सुरुवातीचा निधी दिला, तर पहिल्या वर्षी काय कराल?

तो म्हणाला, “सर, आधी एक विचारू? इथे जनरेटर आहे का?”

सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले.

आता तुम्ही विचार करा. बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचा फ्रीझर लागतो. त्यात कुणाची चार-चार वर्षांची मेहनत गोठवलेली असते. पेशी वाढवायच्या तर ३७ अंशांचा इन्क्युबेटर अहोरात्र चालू हवा. मे महिन्यात बराच वेळ वीज गेली की पेशी मरतात आणि नमुने वितळतात. मग ते परत गोठवले तरी उपयोग नाही. त्या दिवशी त्या खोलीत विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. माझ्या स्वतःच्या विभागात एका रात्रीत वितळलेले नमुने मी पाहिलेत, एका विद्यार्थिनीला बाथरूममध्ये जाऊन रडताना पाहिलंय. तरी हसले.

बारा मिनिटं संपली. त्याने फाईल गोळा केली, “थँक यू सर, थँक यू मॅडम” म्हणाला, दाराशी जाऊन परत वळला कारण छत्री विसरली होती.

इथे नियमाचं थोडं सांगायला हवं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी १०० गुणांचा तक्ता आहे. पीएचडीला ३०, शोधनिबंधाला प्रत्येकी २ असे जास्तीत जास्त १०, अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ असे जास्तीत जास्त १०, बाकी पदवी, नेट वगैरे. हे सगळे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायला होते. दाराच्या आत आलात की ते पुसले जात. निवड फक्त मुलाखतीवर. म्हणजे आठ वर्षांची तासिका आणि पाच वर्षांची पीएचडी दाराबाहेर, आत बारा मिनिटं आणि ‘भोक’ला न सुचलेला इंग्रजी शब्द.

त्याच नियमांत असंही आहे की उमेदवाराला वर्गात व्याख्यान द्यायला लावून किंवा सेमिनार घेऊन त्याची पारख विद्यापीठ करू शकतं. ‘करू शकतं’, म्हणजे कुणी करत नाही. आयसरसारख्या संस्थांत उमेदवार विभागासमोर आपल्या संशोधनावर व्याख्यान देतो, लोक त्याला उलटसुलट विचारतात. त्यात काही फार खर्च आहे का? एक खोली, एक फळा, वीस विद्यार्थी. तो फळ्यासमोर उभा राहिला असता, मराठी-इंग्रजी मिसळून बोलला असता, तर आमच्यातल्या तिघांना तरी कळलं असतं समोर कोण आहे.

संध्याकाळी गुणपत्रकं गोळा झाली. कुणीच ठरवलेल्या रेषेच्या वर नाही. एक सदस्य म्हणाले, “घाई कशाला, पुढच्या वेळी चांगले उमेदवार येतील.” मागासवर्गीय प्रतिनिधींनी एकदा विचारलं, “चौथ्याचा फेरविचार करायचा का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण विषयाची मी होते. मी म्हणाले, “काम बरं आहे, पण प्रेझेंटेशन कमी पडलं.” हे शब्द माझे आहेत. माझी सव्वासातची गाडी होती. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा आला आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

खुल्या जागेवर असा शेरा मी फार क्वचित पाहिला. तिथे कुणीतरी ‘बऱ्यापैकी’ सापडतोच. राखीव जागेवर मात्र आम्हाला एकदम आईन्स्टाईन हवा असतो. २०२४ च्या जानेवारीत राखीव जागा खुल्या करण्याच्या यूजीसीच्या मसुद्यावरून गदारोळ झाला, मग तसं काही होणार नाही असा खुलासा आला. ठीक आहे. पण जागा राखीव ठेवून रिकामी ठेवली तर तीही कुणाला मिळत नाहीच की.

आणि जागा रिकामी म्हणजे काम बंद, असं थोडंच आहे. तास तर होतातच, ते तासिकावाले घेतात. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत, आणि कंत्राटी शिक्षकाला नियमित सहायक प्राध्यापकाएवढा पगार द्यावा, असं त्याच २०१८ च्या नियमांत लिहिलंय. जवळच्या कुठल्याही विभागात जाऊन हजेरीपट बघा.

मला अलीकडे सारख्या कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, त्या हटून बसल्या तेव्हा एक वर्षाच्या परीक्षेवर घेतलं. पुढे त्यांनी केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी शोधलं. चाळीस पानांचा प्रबंध, १९३९ ची पीएचडी. लग्नानंतर मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली, अर्ज केला, निवड झाली. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कशावर काम केलं माहितीये? डाळींवर, त्यातल्या ट्रिप्सिन इनहिबिटरवर. त्यांचं नाव मी तीस वर्षं वर्गात अभिमानाने घेतलं, आणि त्यांच्याच वाटेने चालणारा माणूस समोर आला तेव्हा मी घड्याळ बघत होते.

जाहिरात दिसल्यावर मी त्याचा नंबर शोधला. फोन केला. आधी त्याला मी आठवलेच नाही, मग एकदम “हां, मॅडम, नमस्कार” म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्याने जास्त त्रास झाला. अजून तासिकावरच आहे. मुलगी चौथीत. दोन विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकून नेट झालेत, एकाला फेलोशिपही मिळाली. मी म्हणाले, “त्या दिवशी मी चुकले, तुमचं काम मला समजलं होतं आणि मी बोलले नाही.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही एकट्या नव्हता तिथे.”

हे त्याला विचारून लिहितेय. नाव नको म्हणाला. या वेळी मुलाखतीआधी प्रत्येक उमेदवाराचं वर्गात व्याख्यान ठेवावं आणि ‘योग्य नाही’ म्हणायचं असेल तर कारण प्रत्येक उमेदवारापुढे लेखी नोंदवावं, असं पत्र मी त्या कुलगुरूंना माझ्या नावानिशी पाठवलंय, २०१९ च्या सहीचा उल्लेख करून. उत्तर आलं तर इथे टाकीन. तुमच्यापैकी कुणी अशा समित्यांवर बसत असाल तर तुम्हीही लिहा.

अर्ज भरलात का, असं त्याला शेवटी विचारलं. ऑनलाइन भरला, म्हणाला, पण त्याच्या पाच छापील प्रतीही मागितल्यात, प्रत्येकीला सगळ्या शोधनिबंधांच्या झेरॉक्स जोडून. झेरॉक्सवाल्याकडेच उभा होता तो.