नागली आणि द्राक्षे



फाल्गुनात पहाटे त्र्यंबकच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. पाड्यांवरची बायामाणसे फडक्यात भाकरी बांधून गाडीत दाटीने बसतात आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर खुडणीला जातात. त्यांनी खुडलेला घड पुढे बोटीने हॉलंडला पोचतो.

१९९१ नंतर जगाचा बाजार खुला झाला. 'निर्यात करा, पैसा येईल,' असे मीही सभांतून सांगितले. पैसा आला, नाही असे नाही. पण ज्यांच्याकडे पाणी आणि बँकेत पत होती, त्यांच्याकडे. गोदावरी उगम पावते आमच्या ब्रह्मगिरीवर. तिच्या पाण्यावर बागा पिकतात खाली. इथे पाऊस उदंड, तरी भात-नागली निघाली की वरकस रान कोरडेच.

२०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षे अडली. बागायतदारांच्या कर्जाची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण खुडणी थांबल्याने परतलेली एक बाई मला म्हणाली, "साहेब, औषध कोणी मारलं नि रोज कोणाचा बुडाला?" मी मान खाली घातली. मजुरांच्या रोजाचा विचार माझ्या भाषणात कधी आलाच नव्हता.

पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. शहरात नागलीची बिस्किटे देखण्या पाकिटांत दिसू लागली. पाड्यावर मात्र व्यापारी अजून पायलीने मोजून नेतो, आणि पायली त्याचीच असते!

यंदा एका पाड्यावरच्या दहा घरांनी नागली एकत्र करून वजनावर विकायचे ठरवले आहे. काटा मी आणून दिला आहे. भाव काय मिळतो, ते सुगीनंतर कळवीन.