पैऱ्याला सोबत

कार्तिक उलटला की रायपूरभोवतीच्या गावांत पैरावटी उभ्या राहायला लागतात. झोडून झालेल्या धानाचं काड, भंडारा-गोंदियाकडचं तणस, इथे पैरा. बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, एक जण वर उभा राहतो, खालचे पेंढ्या फेकत जातात, वरचा त्या पायाने दाबत गोल फिरतो. पहिले काही दिवस त्या गंजीला हळदीसारखा रंग असतो. मग एखादा अवकाळी शिडकावा येतो आणि वरचा थर राखी होतो. हात कोपरापर्यंत आत घातला तर मात्र आतलं काड अजून पिवळं, कोरडं, किंचित उबदार लागतं आणि हाताला धानाचा वास चिकटून येतो.

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. कटोऱ्यातला भात माणसांचा, बाहेर सांडलेलं जनावरांचं. एवढं सांडतं की इथे गुरं उपाशी कशी राहतील, असं नवख्याला वाटतं. मी वर्ध्याकडची. लहानपणी गव्हाणीत पाहिला तो ज्वारीचा कडबा. त्याची पेरं आम्ही पोरं चघळायचो, इतका तो गोड असायचा. लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आले आणि अभनपूरच्या पुढे आमच्या शेतावर पहिल्यांदा पैरा तोंडात घालून पाहिला. काचेचा चुरा मिसळल्यासारखा तो दातांखाली करकरला.

ती करकर वाळूतल्या सिलिकाची. धान मुळांवाटे सिलिका शोषून पानांत साठवतं. इतर धान्यांच्या काडात पान मऊ आणि पचायला हलकं, देठ राठ. धानात उलटं आहे, पानापेक्षा देठच बरं पचतं. प्रथिनं म्हणाल तर शंभरात तीन-चार भाग. शिवाय पैऱ्यातली ऑक्झलेटं आतल्या आत कॅल्शियम धरून ठेवतात. गाय पोटभर खाते, रवंथ करते, डोळे अर्धे मिटून समाधानाने बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्या फासळ्या मोजता येतात. खाल्लेलं अंगी लागत नाही. सुकाळात झुरणारी ही जनावरं मी इथेच पाहिली.

म्हणून या मुलखात चारा करायचा म्हणजे पैऱ्याला सोबत शोधायची. जुन्या लोकांना ती शेतातच सापडली होती. धान उभं असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या चिखलात तिवडा फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. उतेरा म्हणतात त्याला. धान कापून नेलं की खुंटांमधून तिवड्याची निळी-जांभळी फुलं वर येतात. आपल्या विदर्भात हीच लाखोळी. माणसाने महिनोन् महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. पण तिचं काड, त्यातली सुकलेली पानं, चुकार शेंगा, हे गुरांना पैऱ्यात मिसळून द्यायचं इकडचं फार जुनं वळण आहे. कडधान्याचं काड ते, पैऱ्यात नसलेलं बरंच काही त्यात असतं. इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने पुढे कमी विषाचा ‘महातिवड़ा’ वाण काढला, तेव्हा बियाणं नेणाऱ्यांत गोठेवालेही असणार, असं मला आपलं वाटतं.

आमच्या गोठ्यात कोसली गायी आहेत. हा छत्तीसगडचा स्वतःचा वाण. आखूड, आटोपशीर, वजन दोनेकशे किलो. एवढ्या गायीला दिवसाला पाचेक किलो सुका चारा पुरतो. शेजारची साहिवालची मिसळ मात्र तिच्या दुप्पट खाते आणि दूधही त्या हिशोबात देते. हिशोबाचा तक्ता मी भिंतीवर चिकटवून ठेवला आहे. जनावराच्या पोषणापुरता एक किलो खुराक, पुढे गायीच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. त्यात साधारण तिसरा हिस्सा भरडा, तिसरा हिस्सा ढेप, उरलेल्यात कोंडा आणि चुनी, शंभरात दोन भाग खनिज मिश्रण, एक भाग मीठ.

तक्ता खरा आहे. पण तक्त्याला नाक नसतं. रायपूरला गिरण्यांची कमी नाही, कोंडा पोत्यांनी मिळतो. त्या दिवशीचा कोंडा हातात घ्या, भाजलेल्या तांदळासारखा गोडसर वास येतो. चार दिवस वैशाखाच्या उन्हात ठेवा, त्यातलं तेल खवट होतं आणि गाय नुसती फुंकर मारून तोंड फिरवते. तेल काढलेला कोंडा टिकतो, म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. टिकाऊपणाची किंमत म्हणून त्यातली चरबी गेलेली असते, हे सांगत नाहीत. कुणी धानाचं टरफल दळून त्यात मिसळतं. चिमूट पाण्यात टाकली की फोल तरंगतं. जवसाची ढेप गावच्या घाण्यातून मिळाली तर सोनं. ती खाणाऱ्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला तर कळतं. सरकीची ढेप विदर्भाकडून येते. ती आली की माझ्या माहेरचं कुणी आल्यासारखं मी पोतं स्वतः उघडते.

आंबोण कालवायचं काम आमच्याकडे राऊत भैया करतात. भात गाळलेली पेज ते इकडे पसिया म्हणून वेगळी राखून ठेवतात, त्यात ढेप भिजवतात, वरून कोंडा, मग मीठ. सगळं कोटन्यात, म्हणजे इथल्या गव्हाणीत, ओतून पुन्हा एकदा हात फिरवायचा, गाठ राहू द्यायची नाही. प्रमाण विचारलं की म्हणतात, “मोला काबर पूछथस दीदी, ओला पूछ.” मला कशाला, तिलाच विचार. आणि खरंच ते विचारतात. सकाळी शेण पाहतात, फार पातळ तर कोंडा कमी, फार घट्ट तर पसिया जास्त. पोषणशास्त्राच्या पुस्तकातही शेण पाहायला सांगितलेलं आहे, फक्त तिथे पानभर मजकूर लागतो.

एका बाबतीत मात्र मी तक्त्याच्या बाजूने भांडले. पैऱ्यावर युरियाची प्रक्रिया. शंभर किलो पैऱ्याला चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबायचं, प्लास्टिकने हवाबंद करून तीन आठवडे विसरून जायचं. उघडताना अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं. थोडा वेळ पसरून ठेवला की वास उडतो आणि तोच राठ पैरा तपकिरी, मऊ झालेला असतो. प्रथिनं जवळजवळ दुप्पट. भैया आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग गायींनी कोटना चाटून पुसून ठेवलेला पाहिला आणि बोलायला लागले. लहान वासरांना तो द्यायचा नाही, हे त्यांनीच पुढे इतरांना बजावून सांगितलं.

आषाढी अवसेला इथे हरेली असते. इकडच्या पंचांगात ती श्रावणातली, पण दिवस तोच. सकाळी गुरांना गव्हाच्या कणकेची लोंदी देतात, त्यात मीठ, वर खम्हाराचं, म्हणजे शिवणीचं पान गुंडाळलेलं. बाहेर अंगणात भैया ती गायीच्या जिभेवर ठेवत असतात आणि आत स्वयंपाकघरात मी दिव्यांच्या अवसेचे कणकेचे दिवे वळत असते. परात एकच, कणीक एकच. अर्ध्या गोळ्यात मीठ पडतं, अर्ध्यात गूळ. पावसाळ्यात गुरांना मिठाची गरज असते हे कुणी कधी मोजून पाहिलं असेल, ठाऊक नाही. सण लागला मात्र अचूक जागी.

शहरात दूधाधारी मठ आहे. एक महंत फक्त दुधावर राहिले, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. महंतांची आठवण राहिली. ज्या गायींनी ते दूध दिलं त्यांना काय घालत असत, हे कुणी लिहून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही.

आता मेंढ्या. आमच्याकडच्या थोड्या आहेत, पण दर हिवाळ्यात कच्छकडचे रबारी उंट आणि कळप घेऊन या बाजूला उतरतात, तेव्हा मेंढी कशी खाते ते नीट पाहायला मिळतं. गाय जिभेने वेटोळं घालून घासच्या घास ओढते, बरं-वाईट सगळं एकदम आत. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला, सारखा हलणारा. ती त्या ओठाने निवडते. पैरा आणि तिवड्याचं काड एकत्र करून घाला, थोड्या वेळाने पैरा तसाच असतो आणि तिवड्याचं पान गेलेलं असतं. छत्तीसगडच्या बांधांवर बाभळी राखायची रीत आहे. उन्हाळ्यात शेंगा गळतात, मेंढ्या त्यांवर तुटून पडतात. त्यांच्या पोटातून गेलेलं बी चांगलं उगवतं, त्यामुळे पुढची बाभूळही त्याच पेरतात. रबारी आमच्या शेतात कळप बसवून जातात, लेंडीचं खत ठेवून. त्यांच्यापाशी कोटना नसतो, तक्ताही नसतो. मेंढीची खरी पाकक्रिया तिच्या ओठातच आहे, आपण मध्ये फार पडू नये.

पडायचंच तर सांभाळून. कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, मेंढीसमोर उघडी राहिली तर ती खात राहते, पोटात आंब चढते आणि जीवावर बेततं. त्याहून लपलेला धोका तांब्याचा. गायीला तांबं हवं असतं, म्हणून गाई-म्हशींच्या खनिज मिश्रणात ते घातलेलं असतं. मेंढीचं यकृत तांबं फारसं बाहेर टाकू शकत नाही, साठवत जातं. महिने जातात, जनावर धडधाकट दिसतं आणि एखाद्या ताणाच्या दिवशी सगळं तांबं एकदम रक्तात उतरतं. लघवी लाल-काळी होते. तोवर उशीर झालेला असतो.

आमच्या कोठीत म्हणून खनिज मिश्रणाचे दोन डबे आहेत, मेंढ्यांच्या डब्याला लाल रंग लावलेला. तुमच्याकडे गाय आणि मेंढी एकाच दावणीला असतील, तर पुढचं पोतं घेताना एवढं करा: पिशवीच्या पाठीवर तांब्याची ओळ वाचा, आणि ती असेल तर ते पोतं मेंढीपासून लांब ठेवा.