वेस्टहायमरची ८२ नंबर

ह्यूस्टनमध्ये ज्याला मोटार चालवता येत नाही तो घरात बसतो. लेकीकडे राहायला आले तेव्हा माझंही तेच झालं. ‘आई, कुठं जायचं असेल तर नुसतं सांग,’ असं लेक रोज म्हणायची. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी दिवसभर कामानं दमलेल्या मुलीला पुन्हा गाडी काढायला कसं लावायचं? नोकरीची सगळी वर्षं मी पुण्यात पीएमटीच्या बसनं हिंडले होते. बाहेर पडायचं तर दुसऱ्याची सवड बघायची, ही सवयच नव्हती. सोय सगळी होती, तरी जीव गुदमरायचा.

हे शहर मोटारीच्या हिशेबानंच पसरलं आहे. पश्चिमेकडचा केटी फ्रीवे बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ पदरी आहे. २००८ साली त्याचं रुंदीकरण पुरं झालं आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळी तो पुन्हा तुंबू लागला. जावई रोज त्याच रस्त्यानं येतात. संध्याकाळी दारात उभे राहतात तेव्हा त्यांचा चेहराच सांगतो, आज किती वेळ अडकले होते ते.

आमच्या घरापासून जवळच वेस्टहायमर नावाचा लांबलचक रस्ता आहे. सकाळी फिरायला गेले की तिथं ८२ नंबरची बस दिसायची. ती गेली की थोड्या वेळानं मागची यायची. एवढ्या बसगाड्या इथं असतील हे मला खरंच वाटत नव्हतं. लेकीला विचारलं, तर इतकी वर्षं राहून ती एकदाही बसमध्ये बसली नव्हती. तिनं बसमार्गांचा नकाशा छापून दिला. त्यावर लाल, निळ्या आणि हिरव्या रेघा होत्या. लाल म्हणजे दर पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर, तेही आठवडाभर, रविवारीसुद्धा. निळी अर्ध्या तासानं, हिरवी तासानं. ८२ ची रेघ लाल होती.

या लाल रेघांमागची हकीगत मी नंतर वाचून काढली. पूर्वी इथल्या बहुतेक बस डाऊनटाऊनकडे धावायच्या. शेजारच्या भागात जायचं तरी आधी शहराच्या मध्यात जाऊन परत यावं लागे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी शहरभरचे मार्ग एकदम बदलले. जॅरेट वॉकर हे वाहतूक नियोजक त्या कामात सल्लागार होते. आडव्या-उभ्या रस्त्यांवरून सरळ धावणाऱ्या, वरचेवर येणाऱ्या बस ठेवायच्या आणि जिथं दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथं लोकांनी बस बदलायची, अशी ती मांडणी. खर्च फारसा वाढवला नाही, होत्या त्याच बस नीट फिरवल्या. जिथं चढणारे अगदी थोडे तिथल्या फेऱ्या त्यासाठी कमी कराव्या लागल्या. तिथल्या लोकांना ते जड गेलं असणार, आणि हे विसरून नुसतं कौतुक करणं बरोबर नाही. पण सुरुवातीच्या वर्षात प्रवासी सर्वांत जास्त वाढले ते रविवारी, हे वाचून मला फार बरं वाटलं. दुकानात, हॉटेलात, दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्यांना रविवारची सुट्टी कुठे असते?

तीच माणसं आता माझ्या ओळखीची झाली आहेत. पहिल्यांदा बसले तेव्हा उतरायचं कसं हेच कळेना. गणवेशातल्या एका बाईनं खिडकीवरची पिवळी दोरी दाखवली आणि स्वतः ओढून ‘टिंग’ करून दिलं. तिला इंग्रजी बेताचं, मला स्पॅनिश शून्य. तरी हिलक्रॉफ्टच्या थांब्यावर उतरून दक्षिणेकडची बस कुठल्या कोपऱ्यावर धरायची हे तिनं हातवारे करून समजावलं. त्या बसनं महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट गाठता येतं. तिथं मोहरी, कढीपत्ता, साड्या, फराळ, सगळं मिळतं. तिकीट सव्वा डॉलर, आणि बसचं कार्ड असेल तर तीन तासांत बस बदलली तरी वेगळे पैसे नाहीत. सत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे, त्यामुळे माझा तोही प्रश्न नाही.

एक दृश्य मी अनेकदा पाहते. थांब्यावर चाकांच्या खुर्चीतला माणूस असतो. बस दाराच्या बाजूनं सुस्कारा टाकत खाली झुकते, पायाशी उताराची फळी उघडते. चालक जागेवरून उठते, पुढच्या सीटा दुमडून जागा करते, खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला बांधते आणि पट्टा ओढून पक्का बसलाय ना हे बघते. चार मिनिटं जातात. कुणी चुळबुळ करत नाही, कारण पुढे बदलायची बस चुकली तरी थोड्या वेळात दुसरी मिळणार असते. दर तासाला एक बस असती तर हीच माणसं घड्याळाकडे बघत बसली असती.

अजून खूप व्हायला हवं. गॅलेरिया मॉलपाशी ८२ ला वेगळी मार्गिका नाही. त्यामुळे एकेकटा माणूस बसलेल्या मोटारींच्या मागे भरलेली बस तिष्ठत राहते. बसमधल्या साठ माणसांना तेवढा हक्क का नसावा? आणि फुटपाथ! इथं तो राखण्याची जबाबदारी लगतच्या जागामालकावर असते. म्हणून एका दुकानापुढे गुळगुळीत काँक्रीट, तर पुढच्यासमोर नुसतं गवत. पाऊस पडला की साडी वर धरून चिखलातून जावं लागतं. ऑगस्टच्या उन्हात बिनछपराच्या थांब्यावर दहा मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही. मी छत्री घेऊन जाते. काम संपवून आलेल्या बाया मात्र विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक ओळीनं उभ्या असतात. खांब बारीक, त्यामुळे सावली एकाच माणसाच्या रुंदीची.

त्या थांब्यावर छप्पर करावं म्हणून लेकीकडून मी अर्ज लिहून घेतला. खाली पिवळी दोरी दाखवणाऱ्या बाईची सही आहे, तिच्यामागे तिच्या सोबतच्या बायांच्या आहेत. लेक म्हणाली, ‘आई, मीपण करते.’ गेल्या शनिवारी ती माझ्याबरोबर ८२ नं आली.