चार्ल्स नदीकाठची जिवाणूंची जत्रा

अमेरिकेतील बोस्टन आणि केंब्रिज या दोन शहरांमधून चार्ल्स नदी संथ वाहते. तिच्यावरचा हार्वर्ड पूल पायी ओलांडताना फुटपाथवर रंगवलेल्या खुणा दिसतात. १९५८ साली एमआयटी या विख्यात संस्थेतल्या मुलांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या सोबत्याला पुलावर पुनःपुन्हा आडवे पाडले आणि त्याच्या उंचीने अख्खा पूल मोजला. पूल भरला ३६४.४ स्मूट, वर एक कान! या व्रात्यपणाच्या खुणा अजूनही मोठ्या प्रेमाने रंगवल्या जातात.

पूल उतरला की समोर एमआयटी. जानेवारी २००३ मध्ये इथल्या काही विद्यार्थ्यांना असाच अचाट गृहपाठ मिळाला: दिव्यासारखी उघडझाप करणारी पेशी तयार करा! त्यातूनच पुढे ‘आयजेम’ ही कृत्रिम जीवशास्त्राची स्पर्धा उभी राहिली. २००४ मध्ये पाच संघ होते, २००५ मध्ये तेरा. पुढे ही संख्या तीनशेच्या वर गेली. चेन्नईच्या आयआयटीचे आणि पुण्याच्या आयसरचे विद्यार्थीही त्यात उतरले. जनुकांचे तुकडे ठोकळ्यांसारखे जोडायचे आणि जिवाणूंकडून नवे काम करून घ्यायचे, असा हा खेळ. विजेत्यांची ट्रॉफीही धातूचा भलामोठा ठोकळाच असते.

२०१४ ते २०१९ या काळात हा मेळा पुलापलीकडे, बोस्टनच्या हाइन्स सभागृहात भरे. व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा खरी गंमत असे ती पोस्टरांच्या रांगांमध्ये. पुढच्या वर्षी काय करावे या विवंचनेतली मुले तिथे वही घेऊन हिंडत. बाजारात भाजी निवडावी तशी कल्पना निवडता येत नाही, हे त्यांना तिथेच उमगे.

जुने प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. ई. कोलाय जिवाणूंचा वास मोठा उग्र. २००६ मध्ये एमआयटीच्याच मुलांनी तो घालवून त्यांना केळ्याचा आणि विंटरग्रीनचा सुगंध दिला. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संघाने रंगीबेरंगी जिवाणू घडवले आणि पहिला क्रमांक पटकावला. मात्र मनाला भिडतो तो एडिंबराच्या संघाचा २००६ चा प्रयत्न. बांगलादेशात दूषित पाण्याच्या आजारांतून लोक वाचावेत म्हणून कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यातल्या अनेकींच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. या विषाला रंग नाही, चव नाही. ज्या पाण्यावर घरचा स्वयंपाक होतो, तेच शरीरात विष साठवत राहते. आर्सेनिक असले की पाण्याची आम्लता बदलणारा जिवाणू या मुलांनी तयार केला. आम्लता मोजणे स्वस्त. खेड्यातही जमेल असे. प्रयोगशाळेतून विहिरीपर्यंतची वाट मात्र लांब असते. जनुके बदललेला जिवाणू कुणाच्या अंगणात न्यायचा तर सुरक्षिततेचे प्रश्न आधी सोडवावे लागतात.

२०२२ पासून ही जत्रा पॅरिसला, पोर्त द व्हर्साय इथल्या प्रदर्शन संकुलात भरू लागली. मेट्रोच्या बारा नंबरच्या मार्गाने थेट दारात उतरता येते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याशी संघ बोलला का, हेही इथे परीक्षक पाहतात. आणि जत्रा जिवाणूंची असली, तरी एकही बदललेला जिवाणू सभागृहात आणायची परवानगी नसते. सगळ्या बाटल्या घरच्या प्रयोगशाळेतच ठेवून यायचे.