ट्रंकेतील चार व्हॉल्व्ह

बडोद्याच्या उत्तरेस असलेले छाणी आज शहराला येऊन मिळाले आहे. तरी जुन्या वस्तीत शिरावे तो ओटे, माळवदे आणि जैन देरासरे यांनी गावपण अजून राखलेले दिसते. या वस्तीतील एका मराठी कुटुंबाकडे आमचे जाणेयेणे आहे. घरातील आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान लाउडस्पीकर भाड्याने देत. छाणी, दशरथ, रणोली, बाजवा या टापूतील लग्ने, नाताळची रात्र, गणेशोत्सव, सारे त्यांच्या दोन कर्ण्यांवर आणि एका लोखंडी पेटीवर चाले. यजमान गेले, पेटी माळ्यावर गेली, आणि तेथे ती पंचवीस वर्षे राहिली.

यंदा नातीचे लग्न ठरले. आजींनी आम्हांस बोलावून सांगितले, "फादर, वऱ्हाडाला बोलावणे या पेटीतूनच झाले पाहिजे. एवढे तुम्ही करा." नातू मात्र वेगळ्या विचाराचा. त्याने पेटीचे चित्र कोणा गिऱ्हाइकास पाठविले होते, आणि पेटीपेक्षा ट्रंकेत निघालेल्या चार कोऱ्या व्हॉल्व्हांना अधिक मोल येत होते. लग्नघरी पैशाची ओढ कोणास नसते? मुलाला लोभी म्हणणे अन्यायाचे झाले असते.

ते चार व्हॉल्व्ह होते बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९६१ च्या सुमारास तेथे रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले. आज परदेशांतील शौकीन ते शोधीत फिरतात. आपल्या गावांतून हे व्हॉल्व्ह भंगारात किलोने गेले हे ध्यानी आले म्हणजे वाईट वाटते.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगावयास हवे. काचेच्या निर्वात नळीत एक तापणारी दांडी असते. ती तापली की तिच्यातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये तारेची एक जाळी असते. तिजवर माइकातून आलेला क्षीण संदेश दिला की तो या मोठ्या प्रवाहास कमीजास्त करितो. पाटाच्या पाण्याला दाऱ्यावर अडवावे वा सोडावे, तसेच हे. दोन टोकांचा व्हॉल्व्ह इंग्रज शास्त्रज्ञ फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला. जाळीची भर अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी लवकरच घातली.

पेटी उघडली तेव्हा आतील जोडणी ओळखीची निघाली. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने १९५४ साली पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट यांचा एक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यावरून जगभर हजारो पेट्या बांधल्या गेल्या. ही त्यांपैकीच एक. व्हॉल्व्हांच्या नावांतही एक युक्ती आहे. ईएल ८४ यातील 'ई' म्हणजे दांडी ६.३ व्होल्टवर तापते, 'एल' म्हणजे कर्ण्याला बळ देणारा व्हॉल्व्ह, आणि आठाचा आकडा नऊ पिनांच्या बैठकीचा. ईसीसी ८३ मध्ये 'सी' दोनदा आला, कारण एकाच काचेत दोन लहान व्हॉल्व्ह आहेत. अमेरिकेत हेच दोघे ६बीक्यू५ आणि १२एएक्स७ या नावांनी ओळखले जातात. दुकानात फसू नये म्हणून एवढे पाठ असावे.

बहुतेकांची समजूत अशी की पेटी मुकी झाली म्हणजे व्हॉल्व्ह गेला. वस्तुतः आधी मरतात ते कंडेन्सर. जुने कागदी कंडेन्सर झिरपू लागतात आणि जाळीवर नको तो दाब जातो. मग ईएल ८४ चा पत्रा लाल होतो आणि नवा व्हॉल्व्हही घटकाभरात संपतो. म्हणून आम्ही ट्रंकेतील पुडक्यांना हातसुद्धा लावला नाही. प्रथम असे सारे कंडेन्सर बदलले. वीज काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तीनशे व्होल्टचा साठा राहतो. तो रेझिस्टरमधून रिता करून, मीटर लावून खात्री करून मगच आत हात घालावा, तोही एकच. (नातवाला दुसरा हात पाठीशी धरावयास लावले, तेव्हा तो हसला, मीटरचा काटा पाहिल्यावर हसला नाही.) ट्रान्सफॉर्मरची जोडणी २२० वर होती, आणि गल्लीत मीटर २४४ दाखवीत होता, ती २४० वर नेली. मग साठ वॅटचा दिवा मालिकेत जोडून, कर्णा लावूनच, पेटीस वीज दिली. कर्ण्याविना व्हॉल्व्हची पेटी चालविणे म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा बळी देणे होय, आणि तो तसा पुन्हा मिळणे कठीण.

पेटीतील जुन्या जोडीपैकी एक व्हॉल्व्ह बरा होता. दुसऱ्याच्या कॅथोडखालील २७० ओहमच्या रेझिस्टरवर जेमतेम सहा व्होल्ट भरले, म्हणजे प्रवाह २२ मिलिअँपिअर. बऱ्याच्या खाली दहा व्होल्ट, म्हणजे ३७. अशी विजोड जोडी आवाज फाडते. आता नवे कोठून आणावे? स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये ईएल ८४ आजही बनतात. आम्ही प्रथम एका दुकानातून जोडी मागविली, तिच्यावर जुन्या युरोपीय कंपनीचे नाव होते आणि आतील बांधणी मात्र सरळ आजची. छापील नाव हा पुरावाच नव्हे. शाई पुसता येते, उमटविताही येते. आतील पत्र्यांची ठेवण पाहावी, आणि काचेच्या टोकावरील रुपेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली असे समजून परत करावे. ती जोडी आम्ही परत केली.

आमचे मत असे होते की नेहमीच्या वापरास स्लोव्हाक जोडी घालावी आणि ट्रंकेतील चार विकून लग्नाला हातभार लावावा. आजींनी ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "त्यांनी ते एका सीझनची कमाई घालून आणले होते. पावसात मांडवात पेटी बंद पडू नये म्हणून. विकायला नाही." नातू काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्यानेच ट्रंक खाली काढली.

चौघांपैकी दोघांचे आकडे जवळ आले, ३६ आणि ३७. उरलेले दोघे ३३ आणि ३९. पहिली जोडी पेटीत बसली. दुसरी जोडी विकण्यास आजींनी आपण होऊन संमती दिली, मात्र गिऱ्हाइकास ते विजोड आहेत हे सांगून. नातवाने तसे लिहून कळविले. भाव उतरला, पण सौदा झाला.

लग्नाच्या सकाळी कर्णा ओट्यावर बांधला. वीज दिल्यापासून आवाज यावयास अर्धे मिनिट लागते. तोवर वऱ्हाडी पेटीकडे साशंकपणे पाहात होते. आजींनी माइक हाती घेतला, घसा साफ केला, आणि पाहुण्यांना जेवावयास बोलाविले. सायंकाळी आम्ही पुन्हा मीटर लावला तेव्हा आकडे ३६ आणि ३७च होते. नातवाने ते पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस, आजोबांच्या पेन्सिलीच्या आकड्यांखाली, तारखेसह लिहिले.