मोठी

आमच्या घरात तिला कुणी बॅग म्हणत नाही. मोठी म्हणतात. "मोठी खाली काढा," असं वडील म्हणाले की समजायचं, कुणीतरी लांब निघालंय. पुण्या-मुंबईला छोट्या बॅगा चालायच्या, लग्नकार्याला पिशव्या पुरायच्या. मोठी खाली यायची ती समुद्रापलीकडे जाणाऱ्यासाठीच. एरवी ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पोटात दोन गोधड्या, एक मच्छरदाणी आणि डांबराच्या गोळ्या घेऊन पडून असायची. घरातलं सगळ्यात जास्त जग पाहिलेलं माणूस तेच, आणि वर्षानुवर्षं साताऱ्यातल्या माळ्यावर बसून असायचं तेही तेच.

२००६ साली ताई शिकायला ओहायोला निघाली, तेव्हा मोठी पुण्याच्या रविवार पेठेतून आली. गडद निळी, जाड कापडाची, कोपऱ्यांना काळं प्लॅस्टिक मारलेली. उभी केली की आईच्या कमरेच्याही वर यायची. चाकं दोनच. हल्लीच्या बॅगांना चार असतात आणि बोटाने ढकललं तरी त्या बाजूबाजूने चालतात. मोठीचं तसं नाही. तिला तिरकं करून ओढावं लागतं आणि मग ती आपला थोडा भार ओढणाऱ्याच्या मनगटावर टाकते. वयस्कर माणूस हात धरून चालतं ना, तशी. बॅगेला चाकं असावीत ही कल्पना फार उशिरा सुचली. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला १९७० मध्ये दोन जड सुटकेसा घेऊन सुटीवरून परतताना विमानतळावर एक कामगार चाकांच्या फळीवरून यंत्र ढकलत नेताना दिसला. त्यावरून त्याने चाकांची सुटकेस बनवली आणि १९७२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता. वर ओढायचा दांडा आणि खाली दोन चाकं हे रूप त्याहून पुढचं, रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने १९८७ च्या सुमाराला आणलेलं. मोठी त्या घराण्यातली.

पण तिची खरी ओळख मला २०१४ मध्ये झाली.

ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. ताईला येणं शक्य नव्हतं. नोकरी, तिथला दवाखाना, विमा, सगळंच तिकडे. मग आईने ठरवलं की माहेर तिकडे न्यायचं. सहा महिन्यांसाठी, एकटीने, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. जाताना दोन बॅगा चालणार होत्या, प्रत्येकी २३ किलोच्या. एक शेजारच्या काकूंकडून मागून आणली, तिच्यात आईचे स्वेटर, साड्या, औषधं गेली. माहेर भरायचं काम मोठीकडे आलं.

दहा दिवस ती बैठकीच्या खोलीत झाकण उघडं टाकून पडली होती. येणारा-जाणारा तिच्याकडे बघून मगच आमच्याकडे बघायचा. बाळंतविडा आधी गेला: जुन्या मऊ साड्यांची दुपटी, झबली, टोपडी, लंगोट, आजीच्या नऊवारीची शिवलेली गोधडी. मग डिंकाचे लाडू, बाळंतशोप, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला. प्रत्येक पुडी दोन पिशव्यांत, वर रबर, त्यावर चिठ्ठी. आणि सहाण. बाळगुटी उगाळायची आमच्या घरातली सहाण, जिच्यावर ताईची आणि माझी गुटी उगाळली गेली. मध्ये उगाळून उगाळून बशीसारखा खळगा पडलेला. दगडच तो. एकटीचं वजन सव्वा किलोच्या वर.

वजन करायला आमच्याकडे उभं राहायचा काटा होता. वडील आधी स्वतः उभे राहायचे, ६१ किलो. मग भिंतीला टेकून मी बॅग त्यांच्या हातात द्यायची. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, तरी हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. काटा ८५ च्या पुढे गेला. म्हणजे किलोभराहून जास्त वजन काढायला हवं. आईने मेतकुटाकडे पाहिलं, भाजणीकडे पाहिलं, सहाणेवर हात ठेवला. वडील म्हणाले, "अगं, दगड नेतेस इथून?" आई काही बोलली नाही. तिने आपली लोकरीची शाल आणि घरात घालायच्या चपला बाहेर काढल्या, अर्धा किलो चटणी काढली, आणि सहाण गोधडीत गुंडाळून मधोमध ठेवली.

तेवीस किलो हा आकडा विमान कंपनीने ठरवलेला. पण त्या दहा दिवसांत तो आमच्या घराचा आकडा झाला. घरात काय हवंहवंसं आहे आणि काय नसलं तरी चालतं, हे मी एरवी कधी इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं.

चेन लावायच्या आधी आईने वहीचा एक कागद घेतला. आपलं नाव, साताऱ्याचा पत्ता, वडिलांचा फोन. खाली ताईचं नाव, तिकडचा पत्ता, तिकडचा फोन. मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजी अक्षरं तिने सुटी सुटी, शाळेत पाटीवर काढावीत तशी काढली. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या सामानाच्या वर ठेवला. बाहेरून दांड्याला जुन्या इरकलीचा लाल काठ बांधला, दोन गाठी मारून. मग मी बॅगेवर बसले, वडिलांनी चेन ओढली.

सातारा ते मुंबई सहा तास. टर्मिनलच्या दाराशी बंदूकधारी जवानाने तिकीट-पासपोर्ट पाहिला आणि आई आत गेली. आपल्याकडे पोचवायला आलेल्यांना त्या दाराच्या आत जाता येत नाही. काचेतून दिसत होतं ते एवढंच, की आई एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने ट्रॉली ढकलतेय आणि ट्रॉलीवर लाल काठ हलतोय. पुढे काउंटरवर मोठीला पट्टी लागली. त्या पट्टीवर प्रवासाचे सगळे थांबे असतात, तीन-तीन अक्षरांत. आईची वाट मुंबई, फ्रँकफर्ट, शिकागो, कोलंबस अशी होती. बारकोडखाली दहा आकड्यांचा नंबर असतो, त्यातले तीन आकडे विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे. तेवढ्या नंबरावर ती एकटी निघते. काळा पडदा बाजूला सारून आत गेली की ती आपल्याला दिसत नाही.

पूर्वी थांबे असायचे ते विमानाचे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. माणसं आणि सामान त्याच विमानात, पुढचा टप्पाही त्यातच. आता मधल्या थांब्यावर विमानच बदलतं. माणूस पाट्या वाचत एका दारातून दुसऱ्या दारात जातो, आणि त्याच वेळी त्याची बॅग खाली कुठेतरी दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या हातांत. सगळ्यात जास्त बॅगा मागे राहतात त्या याच ठिकाणी, विमान बदलताना.

फ्रँकफर्टला आईला पाच तास काढायचे होते. ती सांगते ते असं: "खुर्चीत बसून राहिले. पाणी घ्यायलासुद्धा उठले नाही, खुर्ची जाईल म्हणून नव्हे, वाट चुकेन म्हणून. पण मनात म्हणायचे, आपली मोठी इथेच आहे कुठंतरी, आपल्या पायाखाली." एकटी बाई, भाषा कळत नाही, आणि धीर कुणाचा, तर निळ्या बॅगेचा. मला यात काहीही विचित्र वाटत नाही. त्या इमारतीत साताऱ्याचं ओळखीचं असं तेवढंच होतं.

शिकागोला त्यांची भेट झाली. अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरतो तिथेच बॅग घ्यायची, कस्टममधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. पट्ट्यावर निळ्या बॅगा पुष्कळ होत्या, लाल काठाची एक. आईने ती ओढून खाली घेतली. विमानात भरून घेतलेल्या फॉर्मवर खाण्याच्या पदार्थांपुढे 'हो' अशी खूण करायला ताईने बजावलं होतं, ती केलेली होती. अधिकाऱ्याने मोठी उघडायला लावली. गुटीच्या जिनसांपैकी काही मुळ्या त्याने ठेवून घेतल्या, लाडवांचा वास घेऊन परत दिले. मग सहाण हातात घेतली, उलटसुलट केली, मधल्या खळग्यावरून अंगठा फिरवला आणि काय आहे म्हणून विचारलं. आईला इंग्रजी शब्द आठवेना. तिने हातांचा पाळणा करून बाळ दाखवलं आणि बोटाने उगाळल्यासारखं केलं. त्याने सहाण पुन्हा गोधडीत गुंडाळली, आईने गुंडाळली होती तशीच, आणि चेन स्वतः लावून दिली.

भाचा ऑक्टोबरमध्ये झाला.

परतीच्या प्रवासात, मार्चमध्ये, मोठी मुंबईला आलीच नाही. पहाटे चारला पट्टा थांबला आणि आईपुढे काही नव्हतं. तिथल्या खिडकीवर तक्रार लिहून घेतली, दहा अक्षरा-आकड्यांचा नंबर दिला आणि घरी जायला सांगितलं. २१ दिवसांत आली नाही तर हरवली असं धरतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. आई घरी येऊन पाणी प्यायली आणि गप्प बसली. ताईने घेऊन दिलेल्या वस्तूंचं तिला काही नव्हतं. पण मोठीत बाळाची पहिल्या महिन्यातली झबली होती, लहान झालेली, आई परत घेऊन येत होती ती. धुतलेली नव्हती. मुद्दाम.

सहाव्या दिवशी फोन आला. वाटेत कुठल्यातरी थांब्यावर बाहेरची पट्टी फाटून गेली होती, आणि पट्टी नसलेली बॅग कुणाची, कुठून आली, कुठे जायची, हे काहीच सांगू शकत नाही. कुणीतरी तिची चेन उघडली. सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद होता. हल्ली बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवावी लागते: घेताना, विमानात चढवताना, एकाकडून दुसऱ्याकडे देताना आणि परत करताना. २०१८ च्या जूनपासूनचा नियम आहे तो, आणि चांगला आहे. आमच्या मोठीला मात्र सुट्या सुट्या अक्षरांनी घरी आणलं. आली तेव्हा एक चाक अर्धं तुटलेलं होतं आणि इरकलीचा काठ काळा झाला होता. राजवाड्याजवळच्या बॅगदुरुस्तीवाल्याकडे काळं चाक मिळालं नाही, त्याने करडं बसवलं. तेव्हापासून ती ओढताना एका बाजूने किंचित वेगळा आवाज करते. माडीवरून ऐकला तरी मी ओळखते.

आई २०२१ मध्ये गेली. २०२३ मध्ये मी ताईकडे निघाले आणि मोठी पुन्हा खाली आली. गोधड्या काढल्या, उन्हात ठेवली. या वेळी वाट दोह्यावरून होती. भाजणी, गोडा मसाला, लाडू सगळं तसंच, फक्त सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर राहिल्या. २०२२ पासून खोबरं चेक-इनच्या बॅगेत न्यायला बंदी आहे. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. ताईला खोबऱ्याचं सांगायला अवघड गेलं, पण नियम बरोबर आहे. काट्यावर आधी मीच उभी राहिले, मग बॅग घेऊन. साडेबावीस भरली. सहाण नव्हती ना. ती आता कोलंबसला ताईच्या ओट्यावर असते.

चार चाकांची नवी बॅग घे, असं मला पुष्कळांनी सांगितलं. घेतली नाही. मोठी अजून भार पेलते आणि तिची चेन धड आहे. जे चालतं ते टाकू नये.

तुम्ही लांब निघाल, वाटेत विमान बदलणार असाल, तर बाहेरच्या पट्टीवर विसंबू नका. एका कागदावर नाव, दोन्हीकडचे पत्ते, दोन्हीकडचे फोन लिहा आणि तो सगळ्यात वर ठेवून मगच चेन लावा. आमचा कागद तोच आहे, आईच्या अक्षरातला. मी फक्त खालचा एक फोन नंबर बदलला.