विमानाचा पारदर्शक अंगरखा

मित्रांनो, तुम्ही चतुर पाहिला आहे ना? पावसाळा ओसरायला लागला की गवतावरून भिरभिरत असतो, तोच तो. त्याच्या पंखाकडे एकदा नीट निरखून बघा. काचेसारखा पातळ पडदा आणि त्यात शिरांची जाळी! हवा पेलण्याचं काम पडदा करतो आणि पडद्याला ताठ ठेवण्याचं काम शिरा करतात. बाल्सा लाकडाच्या छोट्या विमानाचा पंखही असाच असतो. आत लाकडी फासळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं आवरण.

मी बरीच वर्षं अशी विमानं बनवतो आहे. सुट्टी लागली की आसपासची मुलं माझ्याकडे जमतात. सांगाडा तयार झाला की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "काका, आता वर काय लावायचं?"

जुन्या काळी पातळ टिश्यू पेपर किंवा रेशमी कापड लावून त्यावर डोप नावाचं वार्निशासारखं द्रावण चढवत. वाळताना ते आवरण ताणलं जाई. आजही काही जण तसं करतात. पण दमट हवेत कागद सैल पडतो. जिलेटीन कागदाचंही तेच होतं, दिसायला छान, पण ओल लागली की सुरकुततो. प्लॅस्टिकची पिशवी नुसतीच ताणली जाते, घट्ट राहत नाही. म्हणून पॉलिएस्टरची फिल्म बरी. तिच्या एका बाजूला उष्णतेने चिकटणारा गोंद असतो. इस्त्री फिरवली की ती चिकटते आणि जरा जास्त ऊब मिळाली की आक्रसून ढोलकीसारखी ताणून बसते.

पण फिल्म निवडताना आधी रंग पाहू नका, वजन पाहा! एक सोपं गणित करू. पंख ६० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आहे. वरची आणि खालची बाजू मिळून १२०० चौरस सेंटिमीटर झाले. एक चौरस मीटर फिल्म ६० ग्रॅम भरत असेल, तर या पंखाला ७.२ ग्रॅम लागेल. ३५ ग्रॅमवाली हलकी पारदर्शक फिल्म घेतली तर ४.२ ग्रॅम. आणि ५ मायक्रॉन जाडीची अगदी तलम पॉलिएस्टर फिल्म घेतली तर एक ग्रॅमसुद्धा नाही! मात्र तिला गोंद आपल्यालाच लावावा लागतो. रबराच्या पिळावर उडणारं चाळीस ग्रॅमचं विमान असेल, तर हा फरक फार मोठा आहे. किलोभर वजनाच्या मोटरच्या विमानाला मात्र जाड, दणकट फिल्मच चांगली. एकाच प्रकारच्या फिल्ममध्ये पारदर्शक फिल्म बहुधा रंगीत अपारदर्शक फिल्मपेक्षा हलकी असते, कारण रंगालाही वजन असतंच की!

वजन माहीत नसेल तर १० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. येईल त्या आकड्याला शंभराने गुणा. झालं एका चौरस मीटरचं वजन!

मागे सातवीतली एक मुलगी तिचा पंख घेऊन आली. बनवताना एक फासळी मोडली होती, ती तिने जोड देऊन चिकटवली होती. हातात गडद निळी फिल्म होती. म्हणाली, "काका, पारदर्शक लावली तर माझा जोड सगळ्यांना दिसेल."

मी म्हटलं, "अगं, सगळ्यांना दिसला तर दिसू दे. तुला दिसला पाहिजे, हे महत्त्वाचं."

दोन दिवस विचार करून तिने पिवळी पारदर्शक फिल्म निवडली. चौथ्या की पाचव्या उड्डाणात विमान दाणकन जमिनीवर आलं. वरून ओरखडाही नव्हता. तिने पंख उजेडाकडे धरला. जोड शाबूत होता, पण शेजारच्या न मोडलेल्या फासळीला केसासारखी बारीक चीर गेली होती! निळ्या फिल्मखाली ती कुणाला दिसली असती? तसंच पुन्हा उडवलं असतं तर पंख हवेतच मिटला असता.

पारदर्शक फिल्म फक्त खेळण्यांनाच शोभते असं समजू नका. अमेरिकेचे पॉल मॅकक्रेडी लहानपणी अशीच छोटी विमानं बनवत. मोठेपणी त्यांनी 'गॉसमर अल्बट्रॉस' हे पायडल मारून उडवायचं विमान तयार केलं. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन यांनी ते इंग्लंडहून समुद्र ओलांडून फ्रान्सला नेलं, २ तास ४९ मिनिटांत! त्याच्या पंखांवर पातळ, पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच होती. जवळजवळ ३० मीटर लांबीचे पंख, तरी रिकामं विमान सुमारे ३२ किलोचं. म्हणजे तुमच्यापैकी एखाद्याच्या वजनाइतकंच!

या फिल्मची एक अडचणही आहे बरं का. उंचावर गेल्यावर पारदर्शक पंख आकाशात मिसळून जातो. विमान आपल्याकडे येतंय की दूर जातंय, कळत नाही. म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला गडद रंगाचे रुंद पट्टे लावा आणि वरची बाजू वेगळी ठेवा. पांढऱ्या ढगांवर गडद रंग चटकन दिसतो.

फिल्म लावताना घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या. इस्त्रीत पाणी नको. आधी कमी तापमानावर कडा चिकटवा, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं दोन्ही बाजूंनी फिरवत ताण द्या. एकाच बाजूला जास्त ऊब दिली तर पंखाला पीळ पडतो आणि विमान गिरक्या घेतं.

आणि हो, पारदर्शक फिल्म लावणार असाल तर आधी आतला गोंद नीट पुसा, फासळ्या पॉलिशपेपरने घासा. मग प्रत्येक उड्डाणाआधी पंख एकदा सूर्याच्या उजेडात धरा. फासळ्या मोजा, जोड पाहा आणि सगळं ठीक असेल तरच विमान हातातून सोडा!